पोस्टडॉकची दोन वर्षं लांबली कशी

1938 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या वार्षिक अहवालात फाउंडेशनचेच अधिकारी वॉरन वीव्हर यांनी ‘रेण्वीय जीवशास्त्र’ (सजीवांचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास) हे नाव वापरलं, तेव्हा त्या नावाची नोकरी कुठेच नव्हती. माणसं दुसऱ्या विषयांतून आली. मॅक्स डेलब्रुक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. 1945 च्या उन्हाळ्यात त्यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरला जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंचा वर्ग सुरू केला आणि नव्या विषयाची पहिली फळी तिथे तयार झाली.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची प्रथा त्याहून जुनी. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1919 मध्ये रॉकफेलरच्या पैशातून पीएच.डी. झालेल्या भौतिक आणि रसायनशास्त्रज्ञांसाठी फेलोशिप सुरू केली. काही वर्षांत जीवशास्त्रही त्यात आलं. हेतू साधा होता: शिकवण्याचं ओझं नको, थोडा काळ फक्त संशोधन करा. जेम्स वॉटसन 1950 मध्ये, 22 व्या वर्षी पीएच.डी. झाले आणि फेलोशिपवर कोपनहेगनला, तिथून केंब्रिजला गेले. रोझलिंड फ्रँकलिनही लंडनच्या किंग्ज कॉलेजात तीन वर्षांच्या फेलोशिपवर आल्या होत्या. डीएनएची रचना उलगडायला मदत करणारं ते प्रसिद्ध क्ष-किरण ‘छायाचित्र 51’ मे 1952 मध्ये घेतलं, ते रेमंड गॉसलिंग या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने. वॉटसन यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांना तर पीएच.डी. मिळाली 1954 मध्ये, डीएनएच्या रचनेचा शोध जाहीर झाल्यानंतर. शतकातला एवढा मोठा शोध लागला तेव्हा यातल्या एकाचंही बस्तान नीट बसलेलं नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

तेव्हा ते चालून गेलं, कारण पुढे जागा होत्या. महायुद्धानंतर सरकारी पैसा वाढत होता, नवे विभाग उघडत होते. पण ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, मिळते लॅबच्या प्रमुखाला आणि बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलाशी, उभे राहतात विद्यार्थी आणि पोस्टडॉक. एक प्रमुख कितीतरी जणांना घडवतो. तो निवृत्त झाला की खुर्ची मात्र एकच रिकामी होते. 1998 ते 2003 दरम्यान अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी दुप्पट झाला आणि लॅब भराभर वाढल्या. मग वाढ थांबली. घेतलेली माणसं पोस्टडॉकच्या मधल्याच पायरीवर राहिली. 2014 मध्ये ब्रूस अल्बर्ट्स, हॅरॉल्ड व्हार्मस हे नामवंत शास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही रचनाच सदोष असल्याचं जाहीरपणे लिहिलं.

काम मात्र थांबत नाही. फ्लास्कमधल्या पेशी रविवार पाळत नाहीत. त्यांच्या लालसर पोषक द्रावणाचा रंग पिवळट दिसू लागला की आम्लता वाढली असं समजायचं आणि ते बदलायचं, मग आपलं कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार असलं तरी.

1976 मध्ये जेनेन्टेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी स्थापन झाली आणि उद्योगाचं दार उघडलं. अनेकांना त्यातून स्थिर काम मिळालं, पण सगळ्यांना नाही. डग्लस प्रॅशर या शास्त्रज्ञाने जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं आणि 1992 मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढच्या कामाला पैसा मिळेना, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन या दोन शास्त्रज्ञांना देऊन टाकलं. 2008 मध्ये त्या दोघांना ओसामु शिमोमुरा यांच्यासह त्याच प्रथिनावरच्या कामासाठी नोबेल जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. दोघांनी त्यांना स्टॉकहोमला नेलं. पुढे त्सिएन यांच्याच लॅबमध्ये ते पुन्हा बेंचवर उभे राहिले.