पैशाला कुंपण, वर्षांना नाही : एनएचएलमधल्या महागड्या करारांची पार्श्वभूमी

दरवर्षी १ जुलैला उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा बाजार उघडतो. नॅशनल हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, ज्या खेळाडूंचे करार संपलेले असतात ते त्या दिवसापासून कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळे होतात. यांना फ्री एजंट म्हणतात. पहिल्या काही तासांतच मोठी नावं जातात, आणि मग अमेरिका-कॅनडात दर वर्षीचा वाद सुरू होतो : याला इतके पैसे द्यायला हवे होते का? लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, म्हणून हा वाद निव्वळ श्रीमंत मालकाच्या खिशाचा राहत नाही. एकाला जास्त दिलं की दुसऱ्या कुणाला तरी सोडावं लागतं.

ही मर्यादा येण्याआधी चित्र वेगळं होतं. १९९७ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी कोलोरॅडोच्या जो सॅकिकपुढे तीन वर्षांचा २ कोटी १० लाख डॉलरचा प्रस्ताव ठेवला, त्यातले दीड कोटी सहीबरोबरच द्यायचे होते. पुढच्याच वर्षी कॅरोलायनाने डेट्रॉइटच्या सर्गेई फेदोरोवला ३ कोटी ८० लाख देऊ केले. त्या करारात एक पेच होता : संघ कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम फेरीत पोहोचला तर १ कोटी २० लाखांचा बोनस. कॅरोलायना तिथवर पोहोचणं कठीण होतं, डेट्रॉइट पोहोचणार हे उघड होतं. नियमाप्रमाणे जुन्या संघाला तेवढीच रक्कम देऊन खेळाडू राखता येत होता. दोन्ही संघांनी आपापले खेळाडू राखले आणि डेट्रॉइटला त्या एका मोसमात फेदोरोवला २ कोटी ८० लाख मोजावे लागले. पुढे २००२ मध्ये रेंजर्सनी बॉबी होलिकला पाच वर्षांसाठी ४ कोटी ५० लाख दिले. होलिक कष्टाळू, अंगावर येऊन खेळणारा सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा खेळाडू, होता, पण इतक्या पैशाचा नव्हता. २००५ मध्ये रेंजर्सनी भरपाई देऊन तो करार मोडला.

मालकांना मर्यादा १९९४-९५ च्या टाळेबंदीतच हवी होती, तेव्हा ती मिळाली नाही. २००४ मध्ये त्यांनी पुन्हा टाळं लावलं आणि या वेळी माघार घेतली नाही. शेवटच्या घटकेला मालकांची मागणी प्रत्येक संघाला ४ कोटी २५ लाखांच्या मर्यादेची होती, खेळाडूंच्या संघटनेची ४ कोटी ९० लाखांची. १६ फेब्रुवारी २००५ रोजी लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांनी अख्खा मोसम रद्द केला. १९१९ च्या फ्लूच्या साथीनंतर पहिल्यांदाच स्टॅनले कप, म्हणजे विजेतेपदाचा चषक, कुणालाही मिळाला नाही.

उन्हाळ्यात समझोता झाला. मर्यादा ३ कोटी ९० लाखांवर ठरली, चालू करारांतले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले आणि एका खेळाडूला मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येणार नाही असं ठरलं. बदल्यात खेळाडूंना लवकर मोकळीक मिळाली. आधी पूर्ण फ्री एजंट व्हायला वयाची ३१ वर्षं लागत, ती अट टप्प्याटप्प्याने २७ वर्षं किंवा सात मोसम इतकी खाली आली. माझ्या मते पुढच्या वीस वर्षांचं मूळ या अटीत आहे. ऐन भरातले खेळाडू बाजारात येऊ लागले, आणि त्यांना घेण्यासाठी संघ पैशापेक्षा वर्षं वाढवू लागले.

आयपीएलच्या लिलावामुळे संघाच्या ठरलेल्या पर्सची कल्पना आपल्याला आहे. पण तिथे दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ नव्याने बांधता येतात. एनएचएलमध्ये करार लांब असतात आणि त्यांची रक्कम हमीची असते. त्यात मर्यादेचा हिशेब कराराच्या सरासरीवर होतो. पहिल्या वर्षांत भरपूर पैसे द्यायचे आणि शेवटी नाममात्र रक्कम घालून वर्षं वाढवायची, म्हणजे सरासरी आपोआप खाली येते. ही फट संघांच्या लगेच लक्षात आली. २००९ मध्ये शिकागोने मारियान होसाला आणि व्हँकुव्हरने रॉबर्तो लुओंगोला बारा-बारा वर्षांचे करार दिले. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोवालचुकशी सतरा वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार केला. तो संपताना कोवालचुक ४४ वर्षांचा झाला असता आणि शेवटची पाच वर्षं त्याला वर्षाला फक्त साडेपाच लाख मिळणार होते. लीगने करार फेटाळला, लवादाने लीगची बाजू उचलून धरली, आणि शेवटी पंधरा वर्षांचा १० कोटींचा करार मंजूर झाला. तीन वर्षांनी कोवालचुक एनएचएलमधून निवृत्ती घेऊन रशियाला परतला.

सगळ्यात जड किंमत मिनेसोटा वाइल्डने मोजली. ४ जुलै २०१२ ला त्यांनी झॅक परीझे आणि रायन सूटर या दोघांशी एकाच दिवशी प्रत्येकी तेरा वर्षांचा, ९ कोटी ८० लाखांचा करार केला. शहरात उत्सवाचं वातावरण होतं, आणि ते खोटं नव्हतं. परीझे मिनेसोटाचाच, सूटर लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. पण त्यांच्या काळात संघ प्ले-ऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही. २०२१ मध्ये दोघांचेही करार मोडले. उरलेल्या वर्षांत प्रत्यक्ष पगार थोडा, पण मर्यादेत मोजली जाणारी रक्कम पूर्वीइतकीच, अशी रचना असल्यामुळे तो बोजा संघाच्या डोक्यावर राहिला. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन मोसमांत प्रत्येकी जवळजवळ १ कोटी ४७ लाखांची जागा संघात नसलेल्या दोन खेळाडूंवर गेली.

ते करार झाले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मालकांनी पुन्हा टाळेबंदी केली. जानेवारी २०१३ मध्ये ती संपली तेव्हा खेळाडूंचा महसुलातला वाटा ५७ वरून ५० टक्क्यांवर आला होता. करारावर आठ वर्षांची, बाहेरच्या खेळाडूसाठी सात वर्षांची मर्यादा बसली.

या ५० टक्क्यांची गोष्ट वादात फारशी निघत नाही, निघायला हवी. खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेला असल्यामुळे प्रत्येकाच्या पगाराचा काही भाग राखून ठेवतात. सगळ्यांचे पगार मिळून वाट्यापेक्षा जास्त झाले तर फरक त्या राखीव पैशातून मालकांकडे परत जातो. म्हणजे एखाद्याला लायकीपेक्षा जास्त दिलं की त्याचा भार बऱ्याच अंशी इतर खेळाडूंवर पडतो. तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळणाऱ्या, दरवर्षी नवा करार शोधणाऱ्या खेळाडूला ही झळ सगळ्यात जास्त लागते. ताऱ्याला लोभी म्हणण्याआधी हा हिशेब पाहावा.

सात वर्षांची मर्यादा तरी पुरेशी होती का? २०१६ चा बाजार पाहा. एडमंटनने मिलान लुचिचला सात वर्षांचे ४ कोटी २० लाख दिले, बफेलोने काइल ओकपोसोला तेवढेच, व्हँकुव्हरने लुई एरिक्सनला सहा वर्षांचे ३ कोटी ६० लाख, आयलँडर्सनी अँड्र्यू लॅडला आणि बोस्टनने डेव्हिड बॅकसला असेच मोठे आकडे. सगळे तिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. या खेळात धडका आणि वेग दोन्ही शरीर खातात, आणि पैसा मिळत होता मागच्या कामगिरीचा. लॅड आणि बॅकस यांना दुसरीकडे पाठवताना त्यांच्या संघांना वर ड्राफ्टमधले, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडण्याचे, हक्क द्यावे लागले.

टोरंटोचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याला उगाच याच यादीत घालतात. २०१८ मध्ये जॉन टावारेस वर्षाला १ कोटी १० लाखांवर आला. मग ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर आणि विल्यम नायलंडर यांच्यासह चौघांवर मर्यादेतला जवळजवळ निम्मा पैसा जाऊ लागला. मर्यादा दरवर्षी वाढेल या गृहीतकावर हे गणित उभं होतं. कोविड आला आणि ती ८ कोटी १५ लाखांवर थिजली. नियोजनाची चूक झाली हे खरं, पण खेळाडू तेवढ्या पैशाचे नव्हते असं मला वाटत नाही.

सेर्गेई बोब्रोव्स्कीचं नाव तर कितीतरी वर्षं वाईट कराराचं उदाहरण म्हणून घेतलं जायचं. २०१९ मध्ये फ्लोरिडाने तिशीतल्या या गोलरक्षकाला सात वर्षांचे ७ कोटी दिले. सुरुवातीचे मोसम निराशाजनक होते, २०२३ च्या प्ले-ऑफची सुरुवातही त्याने राखीव म्हणून केली. मग संधी मिळाली आणि तो संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला. २०२४ आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाने लागोपाठ दोनदा कप जिंकला, दोन्ही वेळा गोलात बोब्रोव्स्की होता. ज्या संघाने याआधी कधीच कप जिंकला नव्हता, त्याच्यासाठी सात कोटी जास्त होते असं आता कुणी म्हणत नाही.

२०२५ मध्ये झालेल्या नव्या समझोत्याने वर्षं आणखी कापली : सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त सात वर्षं, बाहेरच्याला सहा. मर्यादा मात्र झपाट्याने चढते आहे. २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख, पुढच्या मोसमाला १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ ला ११ कोटी ३५ लाख असे आकडे लीगने आधीच जाहीर केले. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये वाइल्डने किरिल काप्रिझोवला २०२६-२७ पासूनच्या आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख दिले तेव्हा बहुतेकांनी वर्षाच्या १ कोटी ७० लाखांकडे बघून डोळे विस्फारले. मर्यादेशी ताडून पाहिलं तर पहिल्या वर्षी तो वाटा सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास येतो आणि दुसऱ्या वर्षी पंधराच्या. २००८-०९ मध्ये पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी ८७ लाखांवर खेळत होता आणि मर्यादा ५ कोटी ६७ लाख होती, म्हणजे त्याचाही वाटा पंधरा टक्क्यांच्या वरच होता.