लांडगे मोजणं आणि लांडग्यांवर मत देणं

बर्फात लांडग्यांचा माग बघितला तर एकच जनावर गेलंय असं वाटतं. कळप एका रांगेत चालतो आणि मागचा पुढच्याच्या ठशातच पाय ठेवतो. मऊ बर्फ तुडवत नवी वाट काढायला लागणारा दम त्यामुळे वाचतो. माग काढणाऱ्याने ती रेघ बघून वहीत ‘एक’ असं लिहिलं तर तो फसला. त्याला रेघेबरोबर चालत राहावं लागतं, एखादं वळण, आडवं पडलेलं झाड किंवा गोठलेलं तळं येईपर्यंत. तिथे रांग फुटते, ठसे फाकतात आणि कळतं, इथून पाच जण गेलेत. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला अपर पेनिन्सुला नावाचा जंगलांनी भरलेला पट्टा आहे. तिथे वन्यजीव खात्याची माणसं हिवाळ्यात अशीच मोजदाद करतात. २०१३ साली त्यांच्या हिशेबात किमान ६५८ लांडगे भरले.

या आकड्याची किंमत कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मिशिगनच्या पहिल्याच विधिमंडळाने १८३८ साली लांडगा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस लावलं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते १९६० पर्यंत चालू राहिलं. बंद झालं तोवर मारायला फारसे लांडगे उरलेच नव्हते. १९६५ साली राज्याने आणि १९७४ साली केंद्राने त्यांना संरक्षण दिलं. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या विस्कॉन्सिनमधून लांडगे आपल्या पायांनी चालत आले. कोणी त्यांना पिंजऱ्यातून आणून सोडलं नव्हतं. माणसांनी मारणं थांबवलं, आणि तेवढंच पुरलं.

जानेवारी २०१२ मध्ये केंद्राने इथल्या लांडग्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळलं आणि त्याची जबाबदारी राज्याकडे आली. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, विधिमंडळाने कायदा करून लांडगा शिकारीच्या प्राण्यांच्या यादीत टाकला.

आपल्याला हे सगळं परकं वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने लांडग्याला संरक्षण दिलं आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या माळरानांवर जो लांडगा धनगरांच्या वाड्यांभोवती फिरतो तो याच जातीचा. त्याच्या शिकारीचा हंगाम, परवाना, कोटा हे शब्द आपल्या कानांना नवे आहेत. अमेरिकेत मात्र वन्यजीव खात्यांचा गाडा मोठ्या प्रमाणावर शिकारीवरच चालतो. परवान्यांची फी खात्याकडे येते आणि बंदुका-काडतुसांवरचा करही १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. या पैशाने तिथली हरणं, बदकं, रानटर्की वाचली, हे खरं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पण त्यामुळे खात्याच्या दारात शिकाऱ्याला बसायला पाट मिळतो आणि बंदूक न धरणारा नागरिक उंबऱ्याबाहेर राहतो.

त्या नागरिकाने २०१३च्या हिवाळ्यात काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. मिशिगनच्या राज्यघटनेत सार्वमताची सोय आहे. विधिमंडळाने केलेला कायदा मान्य नसेल तर राज्यपालांच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के इतक्या सह्या गोळा करा. मग तो कायदा थांबतो आणि मतपत्रिकेवर येतो. त्या वर्षी हा आकडा होता १,६१,३०५. कीप मिशिगन वुल्व्ह्ज प्रोटेक्टेड या गटाचे स्वयंसेवक कडाक्याच्या थंडीत कागद आणि पेनं घेऊन फिरले आणि मार्चअखेरीस त्यांनी अडीच लाखांहून जास्त सह्या सादर केल्या. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे. नोंदणीकृत मतदार, पत्ता, तारीख, सगळं जुळावं लागतं. आपल्याकडे राजपत्रात अधिसूचना निघाली की ‘हरकती व सूचना’ पाठवायला मुदत असते आणि बहुतेक वेळा ती आपल्याला कळेपर्यंत संपलेली असते. त्या पार्श्वभूमीवर अडीच लाख लोकांनी हातमोजा काढून केलेली सही मला मोठी वाटते.

विधिमंडळाने यावर वाट काढली. मतदान व्हायच्या आधीच, मे २०१३ मध्ये, दुसरा कायदा आला. कोणता प्राणी शिकारीचा, हे ठरवायचा अधिकार त्याने राज्याच्या नैसर्गिक संसाधन आयोगाला दिला. आयोगाचे सदस्य राज्यपाल नेमतात. आयोगाने लांडग्याची शिकार मंजूर केली आणि त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात ती झालीही. कोटा ४३ होता, मारले गेले साधारण निम्मे. स्वयंसेवकांनी पुन्हा कागद उचलले आणि या दुसऱ्या कायद्याविरुद्धही पुरेशा सह्या मिळवल्या.

मग तिसरा कायदा आला. शिकाऱ्यांच्या संघटनांनी स्वतः सह्या जमवून एक मसुदा विधिमंडळापुढे ठेवला. अशा लोकप्रस्तावाला विधिमंडळाने ४० दिवसांत मान्यता दिली तर तो राज्यपालांच्या सहीशिवाय आणि मतदानाशिवाय कायदा होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये तो झाला. त्यात दहा लाख डॉलरची तरतूदही घातलेली होती, आणि पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर मिशिगनमध्ये सार्वमत मागता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी आधीचे दोन्ही कायदे फेटाळले, पहिला सुमारे ५५ टक्के आणि दुसरा सुमारे ६४ टक्के मतांनी. व्यवहारात त्याचा उपयोग झाला नाही, कारण तिसरा कायदा आधीच जागेवर होता. त्याचं नाव होतं ‘वैज्ञानिक मत्स्य व वन्यजीव संवर्धन कायदा’.

मी अडून बसतो ते या नावापाशी. लांडग्यांचा निर्णय भावनेने नको, विज्ञानाने व्हावा, असं त्या कायद्याचे पाठीराखे सांगत होते. ऐकायला पटतं. म्हणून विज्ञान इथे नक्की काय सांगू शकतं, ते बघू.

लांडगे किती आहेत, हे ते सांगतं. कळप म्हणजे काय, हेही सांगतं: आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं, असं ते एक घर असतं. एकमेकांशी झुंजून राजा ठरवणारी टोळी हे चित्र बंदिस्त लांडग्यांवरून आलेलं होतं आणि त्याचा प्रसार करणाऱ्या डेव्हिड मेक या संशोधकानेच ते पुढे मागे घेतलं. घरातला कोण मरतो, यावर बरंच अवलंबून असतं. अमेरिकेतल्या पाच राष्ट्रीय उद्यानांच्या नोंदी तपासून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की माणसाच्या हातून कळपाचा म्होरक्या नर किंवा मादी गेली तर कळप एकत्र टिकण्याची शक्यता जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटते. कोट्याच्या तक्त्यात मात्र म्होरकी मादीही एक आणि वर्षाचं पिल्लूही एक.

गुरांचं काय? हा प्रश्न खरा आहे आणि ज्याची कालवड जाते त्याला सरासरी सांगून उपयोग नाही. पण लांडग्यांचे हल्ले सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ते मोजक्या शेतांवर पुन्हा पुन्हा होतात. नोव्हेंबरात जंगलात आत कुठेतरी गोळी लागलेला लांडगा त्या शेतावर कधी फिरकलाही नसेल. शिवाय गुरांवर किंवा कुत्र्यावर हल्ला करणारा लांडगा जागेवर मारायची मुभा, केंद्राचं संरक्षण नसेल तेव्हा, मिशिगनने २००८ सालीच दिलेली होती. खुल्या शिकारीचा प्रश्न त्याहून वेगळा होता. त्याच्या बाजूने जे सांगितलं गेलं त्यात एक गोष्ट अशीही होती, की पाळणाघराच्या अंगणात, मुलं नुकतीच बाहेर आलेली असताना, तीन लांडगे शिरले. विधिमंडळाच्या ठरावात ते छापून आलं होतं. प्रत्यक्षात लांडगा एकच होता आणि मुलं तिथे नव्हतीच. ठराव मांडणाऱ्या सेनेटरने नोव्हेंबर २०१३ मध्ये सभागृहात उभं राहून माफी मागितली.

हिशेब हातून कसा निसटतो, ते विस्कॉन्सिनने दाखवलं. मधल्या काळात न्यायालयाने परत आणलेलं लांडग्यांचं केंद्रीय संरक्षण जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा उठलं. तिथल्या कायद्यात, संरक्षण नसेल तेव्हा हंगाम घ्यायलाच हवा असं कलम आहे. राज्याच्या खात्याला नोव्हेंबरपर्यंत थांबायचं होतं, पण एका संघटनेच्या दाव्यावर न्यायालयाने तो फेब्रुवारीतच घ्यायला लावला. फेब्रुवारी हा लांडग्यांच्या मिलनाचा काळ. राज्याचा कोटा ठरला २००, त्यातले ८१ ओजिब्वे या मूळनिवासी जमातींच्या वाट्याचे. ओजिब्वेंच्या उत्पत्तिकथेत पहिला माणूस आणि माइंगन, म्हणजे लांडगा, पृथ्वीवर बरोबर हिंडले आणि त्यांनी प्रत्येक गोष्टीला नाव दिलं. आपल्या वाट्याचे लांडगे त्यांनी मारलेच नाहीत. उरले ११९. दीड हजारांहून जास्त परवाने विकले गेले. ताजा बर्फ पडलेला, मागावर सोडायला शिकारी कुत्रे. मारलेला लांडगा नोंदवायला शिकाऱ्याला २४ तासांची मुदत आणि हंगाम बंद करायचा तर खात्याने २४ तास आधी सांगायचं, असा नियम. तीन दिवस पुरे होण्याआधी हंगाम बंद झाला तेव्हा २१८ लांडगे मेले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी चोरट्या हत्याही धरून अंदाज मांडला, की वर्षभरात राज्यातले २७ ते ३३ टक्के लांडगे गेले. खात्याचा अंदाज बराच सौम्य होता. दोन्हीकडे शास्त्रज्ञच होते.

इतके मारले तर इतके उरतील, एवढं विज्ञान सांगू शकतं, तेही चुकीची शक्यता धरून. कातड्यासाठी आणि भिंतीवर लावायच्या मुंडक्यासाठी लांडगा मारावा का, याचं उत्तर बर्फातल्या ठशांत मिळत नाही. आपण त्या प्राण्याबरोबर कसं राहायचं, हा तो प्रश्न आहे, आणि त्यावर बोलायचा हक्क परवानाधारकाइतकाच सही करणाऱ्या शिक्षिकेला आहे, ओजिब्वे आजीला आहे आणि अपर पेनिन्सुलातल्या गुराख्यालाही आहे. या शेवटच्या माणसाची बाजू खरोखर अवघड आहे. राज्यातले जवळजवळ सगळे लांडगे त्याच्या परिसरात आणि राज्यातली तीन टक्के माणसंच तिथली. बाकीचे राज्याच्या दक्षिण भागातून, दोन भागांना जोडणाऱ्या पुलापलीकडून मत देतात. डेट्रॉइटच्या मतदाराने त्याच्या गोठ्याचा निर्णय करावा, हे त्याला डाचतं. भरपाई वेळेवर मिळणं, राखणीचे कुत्रे, कुंपण, मेलेली जनावरं लगेच हलवणं, या गोष्टींसाठी लांडग्यांच्या बाजूच्या लोकांनी सह्यांइतकाच जोर लावायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा कायदा नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने रद्द केला. सैनिकांना फुकट परवाने देण्याचं कलम त्यात जोडलेलं होतं, त्याचा कायद्याच्या मूळ हेतूशी संबंध नाही असं न्यायालय म्हणालं. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने तसाच नवा कायदा केला, पुन्हा पैशाच्या तरतुदीसह. तो आजही लागू आहे. मिशिगनमध्ये २०१३ नंतर शिकार झाली नाही, ती केंद्राच्या संरक्षणामुळे. २०१४च्या डिसेंबरात आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयांनी ते परत आणलं. ते पुन्हा उठलं तर निर्णय आयोग करेल. सार्वमत विधिमंडळाच्या कायद्यावर मागता येतं, आयोगाच्या आदेशावर नाही. आयोगाच्या बैठका मात्र खुल्या असतात, आणि नाव नोंदवलेल्या कोणालाही तिथे उभं राहून काही मिनिटं बोलता येतं.