रोड टॅक्स भरतो म्हणून रस्ता आमचा? जरा थांबा

पुण्यात जंगली महाराज रोडचे फुटपाथ रुंद केले तेव्हापासून एक डायलॉग ऐकतोय, "रोड टॅक्स आम्ही गाडीवाले भरतो, मग आमची जागा चालणाऱ्यांना का?" ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण हिशोब तसा नाहीये.

गाडी घेताना आरटीओत जो टॅक्स भरता तो राज्य सरकारचा, १९५८ च्या कायद्याने लावलेला, आणि तो जातो राज्याच्या तिजोरीत, महापालिकेच्या खात्यात नाही. गल्लीतला रस्ता, फुटपाथ, सिग्नल हे मुख्यतः महापालिकेच्या बजेटमधून होतं आणि तिथे पैसा येतो घरपट्टीतून, बांधकाम परवानगीच्या शुल्कातून आणि जकात आणि एलबीटी (जकातीनंतर आलेला महापालिकेचा स्थानिक कर) गेल्यावर सरकार जीएसटीपोटी जे अनुदान देतं त्यातून. आता जीएसटी तर साबण घेणारा पण भरतो ना! भाडेकरूची घरपट्टी भाड्यातच वसूल होते, म्हणजे ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तोही त्या डांबराचे पैसे देतोय.

हां, राज्याकडून रस्त्यांसाठी निधी येतो कधीकधी, पण तो सगळ्या करांच्या एकत्र पैशातला, तुमच्या गाडीच्या नावाची वेगळी पिशवी नसते.

पीएमपीचंही, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचंही तसंच. तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० वाटून भरतात, म्हणून लोक म्हणतात "बस फुकट पोसतो आम्ही". मग रस्त्याकडेला दिवसभर फुकट उभी असलेली कार कोण पोसतंय, ते पण विचारा की.