लाकडी कैचीच्या दातेरी प्लेटला अमेरिकेत मान्यता: अर्ज, चाचण्या आणि कागदपत्रे

अमेरिकेत घरांच्या छपराच्या लाकडी कैच्या (ट्रस) दातेरी गॅल्व्हनाइज्ड प्लेटांनी जोडतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लेट ठेवून ती प्रेसने लाकडात दाबतात. अशा प्लेटसाठी आयसीसी-ईएस या, बांधकाम उत्पादने संहितेला उतरतात का ते तपासणाऱ्या संस्थेचा मूल्यांकन अहवाल घेण्याची वाट रूढ आहे. अर्ज प्लेट बनवणाऱ्या कंपनीने करायचा, कैच्या जुळवणाऱ्या कारखान्याने नव्हे. चाचण्या आन्सी/टीपीआय १ या मानकाप्रमाणे होतात. आयबीसी ही इमारत संहिता कैच्यांसाठी याच मानकाकडे बोट दाखवते (कलम २३०३.४).

अर्जासोबत फी, दातांची मापे दाखवणारे प्लेटचे रेखाचित्र, पोलादाचे मिल प्रमाणपत्र (पोलाद कारखान्याने दिलेला ताकदीचा दाखला), कारखान्याची गुणवत्ता पुस्तिका (आयसीसी-ईएसचा निकष एसी१०) आणि चाचणी अहवाल (निकष एसी८५) द्यावा लागतो. प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांच्या सक्षमतेचे मानक) मानांकन हवे.

चाचण्या तीन प्रकारच्या. दातांची लाकडातली पकड, प्लेटचा ताण (ओढल्यावर तुटण्याची ताकद) आणि प्लेटची कातर (दोन भाग विरुद्ध दिशांना सरकवल्यावर तुटण्याची ताकद). पकड चार मांडण्यांत मोजतात. ए-ए मांडणीत भार प्लेटच्या लांबीला आणि लाकडाच्या रेषांनाही समांतर असतो, ई-ई मध्ये दोन्हींना काटकोनात. ए-ई आणि ई-ए या मधल्या. लाकूड बदलले की पकड बदलते. सदर्न पाइन या लाकडाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) ०.५५, स्प्रूस-पाइन-फरचे ०.४२, त्यामुळे एका जातीवरचे आकडे दुसरीला लावता येत नाहीत.

ताण आणि कातर तपासताना त्याच कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) कापलेल्या, दात न पाडलेल्या पत्र्याचे तुकडेही तोडून पाहतात. कारण साधे आहे: हातात आलेले पोलाद बहुधा ग्रेडच्या (पोलादाच्या ठरलेल्या प्रतीच्या) किमान ताकदीपेक्षा चांगले निघते. म्हणून छिद्रे पडलेल्या प्लेटचे अखंड पत्र्याशी गुणोत्तर काढतात आणि ते ग्रेडच्या हमी असलेल्या ताकदीला लावतात. हे तुकडे जपून ठेवले नाहीत तर पुढचे सगळे आकडे लटकतात. कॉइल क्रमांक प्लेटच्या गठ्ठ्यावर आणि तुकड्यांवर त्याच दिवशी लिहा.

अर्ज अडकतो तो बहुधा नमुन्यांपाशी. चाचणीसाठी खास निगुतीने घडवलेल्या प्लेटा चालत नाहीत. नमुने नेहमीच्या उत्पादनातून, स्वतंत्र यंत्रणेने निवडलेले हवेत. सांधा दाबताना गाठीवर आलेले दात वाकतात, प्लेट पूर्ण टेकत नाही आणि पकड कमी भरते. ओल्या लाकडात दाबलेली प्लेट लाकूड सुकून आकसले की सैल होते, म्हणून चाचणी अहवालात ओलावा आणि विशिष्ट गुरुत्व प्रत्येक नमुन्यासमोर लिहा. नुसती सरासरी दिलीत तर संस्थेकडून शंका हमखास परत येते.

मूल्यांकन अहवाल ठरावीक मुदतीचा असतो, नूतनीकरण करावे लागते. मधल्या काळात डाय (दात पाडणारा साचा), दाताची लांबी किंवा पत्र्याची जाडी बदलली, तर त्या बदलाच्या चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात.