इरॅस्मसची व्यक्तिचित्रे

डच मानवतावादी पंडित डेसिडेरियस इरॅस्मस (१४६६ किंवा १४६९–१५३६) याची समकालीन चित्रकारांनी काढलेली चित्रे. विद्वानाचा दर्जा वस्त्र, हात आणि ग्रंथ यांतून कसा दाखवावा याचा पायंडा उत्तर युरोपात मुख्यतः या चित्रांनी पाडला. बायबलचा लॅटिन अनुवादक संत जेरोम याच्या, अभ्यासिकेत लिहीत बसलेल्या चित्रांची परंपरा त्यांमागे आहे. इरॅस्मसने जेरोमचे साहित्य संपादित केले होते, हे येथे लक्षात घ्यावे.

क्वेंटिन मॅसिसने १५१७ मध्ये अँटवर्प येथे इरॅस्मस व त्याचा मित्र पीटर खिलिस यांचे जोडचित्र केले. ते त्यांचा इंग्रज मित्र, मानवतावादी लेखक टॉमस मोर याला भेट म्हणून गेले. काम चालू असताना इरॅस्मसने रेचक औषध घेतले, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला पाहून चित्रकाराने काम पुढे ढकलले, असे इरॅस्मसच्याच पत्रात आहे.

हान्स होल्बाइन (धाकटा) याने १५२३ मध्ये बाझेल (स्वित्झर्लंड) येथे केलेली चित्रे सर्वांत महत्त्वाची होत. इंग्लंडमधील लाँगफर्ड कॅसल या वाड्याच्या संग्रहातील चित्रात इरॅस्मसचे दोन्ही हात ग्रंथावर विसावले आहेत. ग्रंथाच्या कडेवर ग्रीक अक्षरांत ‘हेराक्लीझचे श्रम’ (हेराक्लीझ हा ग्रीक पुराणकथांतील बलाढ्य वीर) असे लिहिले आहे. संपादकाच्या कष्टांसाठी इरॅस्मस हीच उपमा वापरी, त्यामुळे हा मजकूर त्यानेच सुचविला असावा, हे मत ग्राह्य वाटते. मागच्या फळीवरील पुस्तकाच्या कडेवर होल्बाइनच्या नावाचे लॅटिन द्विपद (दोन ओळींचे पद्य) आहे. होल्बाइनची निंदा करणे सोपे, अनुकरण अवघड, असा त्याचा आशय. तेही इरॅस्मसचेच मानले जाते.

आपली दोन चित्रे इंग्लंडला पाठविल्याचे व एक चित्रकाराने फ्रान्सला नेल्याचे इरॅस्मस जून १५२४ च्या पत्रात लिहितो. यांपैकी इरॅस्मसचा आश्रयदाता, कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम वॉरम याला मिळालेले चित्र लाँगफर्डचेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पत्रात चित्राचे वर्णन नसल्याने ते अनुमानच राहते. तरी चित्राचा भारदस्तपणा आश्रयदात्याला साजेसा आहे.

पॅरिसचे लूव्र संग्रहालय व बाझेल येथील होल्बाइनच्या चित्रांत इरॅस्मस बाजूने, खाली पाहून लिहिताना दिसतो. बाझेलच्या चित्रातील मजकूर वाचता येतो: बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानावरील त्याच्या विवरणाचा आरंभ. हातांसाठी होल्बाइनने वेगळी रेखाटने केली होती.

आल्ब्रेख्ट ड्यूररच्या कोरीव मुद्राचित्रावर (१५२६) ‘याहून सरस प्रतिमा त्याचे लेखन दाखवील’ या अर्थाचे ग्रीक वाक्य आहे. इरॅस्मसला मात्र त्यात आपले साम्य दिसले नाही.

सुमारे १५३२ मधले होल्बाइनचे लहान गोल चित्र बाझेलला आहे. त्यात ग्रंथ नाही, लेखणी नाही. केवळ थकलेला चेहरा आहे.