प्रथिन-निष्कर्षण, चुंबकीय कणांद्वारे

पेशी फोडून तिच्यातील प्रथिने चुंबकीय सूक्ष्मकणांवर गोळा करण्याची आणि धुऊन विश्लेषणास योग्य करण्याची पद्धत. हे कण नॅनोपदार्थांत धरले जातात. पण प्रचारातील बहुतेक कणांचा व्यास १ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. नॅनो मापाचे असतात ते त्यांच्यात रुतवलेले आयर्न ऑक्साइडाचे स्फटिक. चुंबक दूर केला की या स्फटिकांत चुंबकत्व जवळजवळ उरत नाही, म्हणून कण पुन्हा द्रवात पसरू शकतात.

पेशीपटलातील प्रथिनेही सुटावीत म्हणून पेशी सोडियम डोडेसिल सल्फेटासारख्या तीव्र प्रक्षालकात (डिटर्जंटमध्ये) फोडतात. मात्र हाच प्रक्षालक पुढे ट्रिप्सिन या, प्रथिनांचे लहान तुकडे (पेप्टाइडे) करणाऱ्या एंझाइमाचे काम बिघडवतो आणि या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रातील संकेत दाबून टाकतो. तो काढताना थोड्या पेशींच्या नमुन्यातली बरीच प्रथिने वाया जातात. ही पद्धत मुख्यतः या अडचणीवरचा तोडगा आहे.

कार्बॉक्सिल गटांचे आवरण असलेले चुंबकीय कण डीएनए शुद्ध करण्यासाठी १९९० च्या दशकापासून ज्ञात होते. तसेच कण प्रथिनांसाठी वापरणारी ‘एसपी-३’ पद्धत हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवविज्ञान प्रयोगशाळेतील येरून क्रायग्सवेल्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. फोडलेल्या पेशी आणि कण यांच्या मिश्रणात ॲसिटोनायट्राइल हा विद्रावक (नंतरच्या कृतींत एथेनॉल) सुमारे ५० टक्के होईल इतके घालतात. प्रथिने कणांवर बसली की नळी चुंबकी स्टँडमध्ये ठेवतात. तपकिरी थर भिंतीला धरतो आणि वरचा द्रव, त्याबरोबर प्रक्षालकही, काढून टाकता येतो. थर ८० टक्के एथेनॉलने धुऊन त्यावरच ट्रिप्सिन घालतात. सुटणारी पेप्टाइडे थेट यंत्रात जातात.

प्रथिने कणांना का धरतात, याविषयी एकमत नव्हते. मूळ शोधनिबंधात कारण जलस्नेही आंतरक्रियेचे दिले होते: कणाच्या आवरणाभोवती पाण्याचा पातळ थर राहतो आणि प्रथिने त्यात ओढली जातात. सुरुवातीच्या कृतीत द्रावण आम्लधर्मी ठेवत, तेही या विचाराशी जुळणारे होते. परंतु पुढे उदासीन द्रावणातही कृती चालते असे आढळले. कोपनहेगनच्या तनवीर बाथ, जेस्पर ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निराळ्या पृष्ठरसायनाचे कण वापरून पाहिले, तरी प्रथिने धरली गेली. त्यांच्या मते घडी (मूळ त्रिमितीय रचना) उलगडलेली प्रथिने विद्रावकामुळे अस्थिर होऊन साकळतात आणि साकळताना जवळचा कण त्यांना आधार होतो. २०२२ मध्ये चुंबकीय कणांऐवजी काचेचे मणी आणि अपकेंद्रित्र (नमुना वेगाने फिरवून घन भाग खाली बसवणारे यंत्र) वापरूनही काम साधल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे साकळण्याचा पक्ष आज अधिक सयुक्तिक वाटतो. ॲसिटोनने प्रथिने खाली बसवण्याच्या जुन्या पद्धतीचेच हे सुटसुटीत रूप म्हणता येईल. पृष्ठभागाचा वाटा मात्र सर्वस्वी शून्य मानण्याचे कारण नाही. कणांचे प्रमाण फार कमी पडल्यास हाती येणारी प्रथिने घटतात, असा अनुभव आहे.

प्रथिनांची मूळ घडी टिकवायची असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही. तेथे स्टायरीन-मॅलेइक आम्लाचा बहुवारिक (पॉलिमर) वापरतात. तो पेशीपटलाचे सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे तुकडे प्रथिनासकट कापून काढतो (२००९), पण मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम अधिक असल्यास स्वतःच खाली बसतो. पेशी न मारता नमुना घेण्यासाठी स्टॅनफर्ड येथे नॅनो-नळ्या वापरण्यात आल्या (२०१७). त्यांतून पेशीद्रवाचा थोडाच अंश मिळतो.