वनौषधींची प्राण्यांवरील सुरक्षितता चाचणी

परंपरेने वापरात असलेले वनस्पतिजन्य औषध शरीराला कोणत्या मात्रेत आणि किती दिवसांत अपाय करू शकते, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासण्याची पद्धत. यासाठी मुख्यतः विस्टार किंवा स्प्रेग-डॉली जातीचे मोठे पांढरे उंदीर आणि स्विस अल्बिनो जातीचे छोटे उंदीर वापरतात. प्रयोगशाळेत पहिल्यांना रॅट आणि दुसऱ्यांना माइस म्हणतात. औषधाचा गुण येतो की नाही, हा या चाचणीचा विषय नव्हे. तो वेगळा अभ्यास असतो.

प्राण्यांवरून विष ओळखण्याची कल्पना भारतात जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाच्या स्वयंपाकघराचे रक्षण सांगताना विषारी अन्नाची लक्षणे दिली आहेत. त्या अन्नाने माश्या आणि कावळे मरतात, चकोराच्या डोळ्यांचा रंग उतरतो, कोकिळेचा स्वर बिघडतो. मात्र तिथला प्रश्न ‘यात विष आहे का?’ एवढाच होता. आजच्या चाचणीत मात्रा आणि काळ हे दोन्ही मोजले जातात.

पहिली पायरी तीव्र विषाक्ततेची. औषध एकदाच द्यायचे आणि प्राण्यावर चौदा दिवस नजर ठेवायची. निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात ती मात्रा काढण्याची रीत जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. तिच्यात प्राणी फार मरत, म्हणून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) तिच्यावर आधारलेले ४०१ क्रमांकाचे मार्गदर्शक तत्त्व २००२ मध्ये रद्द केले. आता बहुतेक ठिकाणी ४२३ किंवा ४२५ क्रमांकाची पद्धत वापरतात. ४२३ मध्ये एका वेळी तीनच प्राणी, बहुधा माद्या, घेतात आणि किलो वजनामागे ५, ५०, ३०० व २००० मिलिग्रॅम या ठरलेल्या मात्रांच्या पायऱ्यांनी वर किंवा खाली जातात. २००० ला कोणी दगावले नाही, तर सहसा तिथेच थांबतात.

प्रत्यक्ष काम हाताच्या कौशल्याचे आहे. चूर्ण पाण्यात नीट मिसळत नाही, तळाशी बसते. म्हणून ते अर्धा टक्का कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या चिकट द्रावात घोटून घेतात. रॅटला रात्रभर उपाशी ठेवलेले असते, पाणी मात्र दिलेले असते. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून त्याला उभे करायचे आणि टोकाला गोळी असलेली वाकडी पोलादी सुई तोंडाच्या कडेने घशात सरकवायची. सुई आपसूक आत गेली तर ती अन्ननलिकेत आहे. अडली, प्राणी धडपडला, श्वास बदलला, तर ती श्वासनलिकेकडे वळली असे समजून लगेच बाहेर काढायची. फुप्फुसात उतरलेला काढा प्राण्याचा जीव घेतो, आणि तो मृत्यू औषधाच्या नावावर जाऊ नये म्हणून शवविच्छेदन करावेच लागते. पुढचे काही तास केस उभे राहणे, लाळ, झटके, पांगळी चाल, गुंगी यांची नोंद होते.

यानंतर २८ दिवसांची (४०७) आणि ९० दिवसांची (४०८) चाचणी येते. औषधाबद्दल खरे काही सांगतात त्या याच. ९० दिवसांच्या चाचणीत निदान तीन मात्रांचे गट आणि एक औषध न दिलेला गट असतो, प्रत्येक गटात किमान दहा नर आणि दहा माद्या. वजन आणि खाल्लेले अन्न नियमित मोजतात. वजन घटले पण खाणेही घटले असेल, तर दोष विषाचा की कडू चुर्णाने गेलेल्या भुकेचा, हे वेगळे करावे लागते. शेवटी रक्तपेशी, यकृताची एसजीपीटी व एसजीओटी ही विकरे आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन तपासतात, अवयवांचे वजन करतात आणि त्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गर्भावरील परिणाम, जनुकीय बदल आणि कर्करोग यांच्या चाचण्या स्वतंत्र आहेत. ९० दिवसांच्या निकालावरून त्यांच्याबद्दल काहीही म्हणता येत नाही.

माणसाची मात्रा प्राण्याला लावताना नुसत्या वजनाचे त्रैराशिक चालत नाही, कारण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. भारतीय शोधनिबंधांत त्यासाठी पॅजेट आणि बार्न्स यांचा १९६४ चा तक्ता सर्रास वापरतात. माणसाची रोजची मात्रा ०.०१८ ने गुणली की २०० ग्रॅम वजनाच्या रॅटची मात्रा मिळते. रोज ६ ग्रॅम चूर्ण घेणाऱ्या माणसाच्या तोडीची मात्रा रॅटला १०८ मिलिग्रॅम होते. ७० किलोच्या माणसावरून वजनाच्या प्रमाणात काढली असती, तर ती जेमतेम १७ मिलिग्रॅम आली असती.

आयुर्वेदाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रश्न शोधनाचा आहे. बचनाग, काजरा, बिब्बा, जमालगोटा ही द्रव्ये ग्रंथांनीच विषारी मानली आहेत आणि ती शुद्ध केल्याशिवाय वापरू नयेत असे बजावले आहे. बचनागाचे कंद गोमूत्रात भिजवणे, दुधात उकळणे अशा त्यासाठीच्या कृती आहेत. हे संस्कार म्हणजे नुसते कर्मकांड आहे का, याचा शोध मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माइसवर घेतला. १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कच्च्या बचनागाच्या दर प्राण्यामागे २.६ मिलिग्रॅम मात्रेला सगळे माइस मेले. पूर्ण संस्कार केलेल्या बचनागाची आठपट मात्रा देऊनही एकही मेला नाही. शिवाय संस्कारांतली कोणतीही पायरी गाळली तर विष पुरते जात नाही, हेही दिसले. कारण रसायनात आहे: बचनागातील ॲकोनिटीन उकळताना जलविच्छेदनाने फुटते आणि कितीतरी सौम्य घटकांत बदलते. एखाद्या परंपरेची परीक्षा कशी घ्यावी, याचा हा नमुना मानायला हरकत नाही. पण ‘बचनाग सुरक्षित आहे’ असा त्याचा अर्थ कोणी काढला, तर तो या प्रयोगाच्या नेमका उलट जाईल.

या क्षेत्रातले दुबळेपण प्राण्यापेक्षा बाटलीत जास्त असते. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूतला, पाण्यातला काढा की अल्कोहोलमधला अर्क, हे नोंदवले नसेल तर निकाल दुसऱ्या कोणत्याच बाटलीला लागू होत नाही. अनेक निबंध ‘२००० मिलिग्रॅमला मृत्यू नाही, म्हणजे औषध सुरक्षित’ एवढ्यावर आटोपतात. एकदाच दिलेल्या मात्रेवरून महिनोन्‌महिने घ्यायच्या औषधाचा निवाडा करणे ही घाई आहे.

ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकारंभी वजन कमी करण्याच्या एका उपचारात स्टेफानिया या चिनी वनस्पतीऐवजी नावसाधर्म्यामुळे ‘ॲरिस्टोलोकिया फांगची’ ही दुसरीच वनस्पती दिली गेली. शंभरावर रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. स्टेफानियाची प्राण्यांवर कितीही चाचणी केली असती, तरी ही अदलाबदल तिच्यात सापडली नसती. दुसरीकडे, ॲरिस्टोलोकियातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने रॅटमध्ये कर्करोग होतो हे १९८२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तिथे गाठी मुख्यतः पूर्वजठरात, म्हणजे जठराच्या सुरुवातीच्या कप्प्यात, आल्या. हा अवयव माणसाला नसतोच. अवयव वेगळा असला तरी धोक्याचा इशारा खरा होता. आपल्याकडची सापसंद याच कुळातली आहे.

कोरफडीच्या बाबतीत उलटा पेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमात पाण्यातून दोन वर्षे दिलेल्या संपूर्ण पानाच्या अर्काने रॅटच्या मोठ्या आतड्यात गाठी आल्या, माइसमध्ये आल्या नाहीत. संपूर्ण पानात गराबरोबर सालीलगतचा पिवळा कडू चीकही येतो. हाच चीक वाळवून काळा बोळ होतो. त्यामुळे हा निकाल नुसत्या गराला लावता येत नाही.

रॅट काही गोष्टी सांगूच शकत नाही. त्याला उलटी होत नाही. त्यामुळे वमनासाठी वापरल्या जाणाऱ्या गेळफळाचा मुख्य परिणामच त्याच्यात दिसणार नाही. मळमळ ओळखायची तर तो चिकणमाती किती खातो, हे पाहावे लागते. हजारांत एखाद्यालाच होणारी यकृताची प्रतिक्रिया वीस प्राण्यांच्या गटात सापडणे तर जवळपास अशक्यच. कोविडकाळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृतदाह आढळला. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी त्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. हा वादही शेवटी बाटलीत काय होते, यावरच आला.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १५८-ब हा नियम २०१० मध्ये आला. त्यानुसार ग्रंथोक्त औषधाला सुरक्षिततेचा नवा अभ्यास लागत नाही. पेटंट किंवा प्रोप्रायटरी, म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या सूत्राने बनवलेल्या, औषधात अनुसूची ई(१) मधले, म्हणजे विषारी यादीतले द्रव्य असेल तर तो लागतो. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१८ मध्ये आयुर्वेदीय योगांच्या विषाक्तता चाचणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

प्राण्यांच्या बाजूने १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही आणि किती प्राणी का हवेत, याचे कारण द्यावे लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली त्रिसूत्री या समित्या पायाभूत धरतात: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, अवयव-चिप (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी प्रतिकृती) आणि संगणकीय पद्धतींनाही मान्यता मिळाली. एका शुद्ध रेणूसाठी त्या उपयोगी पडतात. शेकडो घटकांचे, आतड्यातल्या जिवाणूंनी बदलले जाणारे चूर्ण त्यांत कसे घालायचे, हे अजून नीट जमलेले नाही, आणि ९० दिवसांच्या चाचणीसाठी रॅट अजूनही लागतात.